आईची वही, जशीच्या तशी

धाकटीच्या हातून आईची स्वयंपाकाची वही लगद्यात गेली. गेली हे तिला कळलं, तेव्हा त्या वहीचे नवे कागद होऊन, दोरीवर वाळून, वजनाखाली ठेवायची वेळ आली होती.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? डोळे काय गहाण टाकले होते? तर ऐका. धाकटी घराच्या मागच्या खोलीत हातकागद करायची. पत्रकागद, पाकिटं, खिशात मावतील अशा वह्या. गल्लीत तिला सगळे कागदवालीच म्हणायचे, आणि घरोघरची रद्दी आपसूक तिच्या टेबलावर येऊन पडायची. जुन्या वह्यांची गुळगुळीत कव्हरं ती आधी ओरबाडून काढायची, कारण ती काही केल्या भिजत नाहीत. मग पानांचे बोटभर तुकडे, मग बादलीत एक रात्र, आणि सकाळी मिक्सर. मिक्सर ती मुद्दाम जरा आधीच बंद करायची. चार तुकडे न दळता राहिले की वाळलेल्या कागदात कुठे एखादं अक्षर, कुठे गणिताची अर्धी ओळ अडकलेली दिसायची. ही कल्पना तिची स्वतःची, आणि गिऱ्हाइकं तिच्यावर जीव टाकायची.

आईच्या वहीला कव्हर नव्हतंच. शाळेची साधी आखीव वही, तिचा पुठ्ठा कधीच निखळला होता. ताई येणार म्हणून धाकटीने ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली, आठवणीने द्यायची म्हणून. त्याच टेबलावर शेजारच्या शिक्षिकेने वह्यांचा गठ्ठा आणून टाकला. आठवणीने बाहेर काढलेली वस्तू जितकी लवकर हरवते, तितकी अडगळीतली कधी हरवत नाही. धाकटी त्या दिवशी रेडिओ ऐकत, गुणगुणत फाडत बसली होती. गुणगुणत, बरं का!

चौथ्या दिवशी कागद उजेडात धरून बघताना एका कोपऱ्यात तिला जांभळ्या शाईचं ‘चिमूटभ’ दिसलं. र कुठे गेला होता कुणास ठाऊक. पण त्या च ची मान तिच्या ओळखीची होती. दुसरा कागद बघितला, त्यात ‘गार झाल्याव’. मग तिने पुढचे बघितलेच नाहीत.

वही म्हणजे दोन बहिणींमधला पूल होता, म्हणून एवढं. आई गेली त्या वर्षी कुणाच्या तरी तोंडून एक शब्द वाकडा गेला आणि दोघींत आठ महिने अबोला झाला. बाकीच्या सगळ्या गोष्टींची वाटणी बिनबोभाट झाली होती, वही मात्र दोघींनाही हवी होती. शेवटी ठरलं, एक उन्हाळा हिच्याकडे, एक उन्हाळा तिच्याकडे. त्या वहीच्या निमित्ताने ताई यायला लागली, आठ दिवस राहायला लागली, हसायलासुद्धा लागली. यंदा पाळी ताईची होती. ताई यायला नऊ दिवस होते, आणि वही नसली तर ताई परत कशाला येईल, हे धाकटीला समजेना.

नवऱ्याने सांगितलं, बोलून मोकळी हो. तो घड्याळं दुरुस्त करायचा, पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसायचा, आणि त्याला प्रत्येक बिघाड उघडून बघितला की सुटतो असंच वाटायचं. धाकटी म्हणाली, तुमचं घड्याळ रुसत नाही. ताई ओरडली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ताई ओरडत नाही, ताई गप्प बसते, आणि तिचं एकदाचं गप्प बसणं वर्षभर पुरतं.

मग तिने जे ठरवलं ते मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखंच होतं. त्या बॅचचे सगळे मिळून बावीस कागद झाले होते. मधोमध दुमडले की चव्वेचाळीस पानं. त्यांची नवी वही शिवायची, आठवेल तसं सगळं तिच्यात लिहायचं, आणि ताईला सांगायचं की जुनी फार जीर्ण झाली होती, म्हणून जशीच्या तशी उतरवली. जुनी जपून ठेवलीय. कुठे ठेवलीय ते पुढचं पुढे.

आणि काय सांगू, हात कामाला लागल्यावर ती चोरी आहे हेच ती विसरली. कव्हरचा जाड कागद तिने कांद्याच्या सालींच्या पाण्यात रंगवला. दोन रंग फसले, तिसरा उतरत्या उन्हासारखा आला. कोपरे गोल कापले, म्हणजे ओट्यावर ठेवताना दुमडायचे नाहीत. दाभणाने भोकं पाडून मेणाचा दोरा ओढून घेतला. शिवण अशी घातली की वही सताड उघडी राहील, कारण स्वयंपाक करताना पानावर ठेवायला तिसरा हात कुणाला असतो? पाठीवर तेलाचा हात लागला तरी दिसू नये म्हणून तिथे गडद पट्टी लावली. अशी वही तिने आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिली नव्हती.

लिहिण्याची वेळ आली तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं. डोक्यात काहीच नव्हतं. मग तिने पेन ठेवलं आणि सुरी घेतली, आणि हाताला आठवायला लागलं. आईचा उन्हाळ्यातला एकच कायदा होता, दहाच्या आत शेगडी बंद. ‘दहानंतर माणसं शिजतात, तेवढी पुरेत,’ म्हणायची. सकाळी बटाटे, अंडी, मक्याची कणसं एकदाच उकडून ठेवायची, आणि मग दिवसभर नुसती सुरी, वाडगा आणि लिंबू. बटाटे कोमट असतानाच लिंबू पिळायचं, नाहीतर ते पीत नाहीत. काकडी किसून पिळायची, मग दही, मग पुदिना, मीठ अगदी शेवटी. शिळ्या पावाचे तुकडे टोमॅटोच्या गार रसात मुरवायचे. खरबुजाच्या फोडींवर मिरपूड. खिडकीला ओलं कापड, फरशी गार, आणि तिघी जमिनीवर बसून वाडग्यातूनच खायच्या. ताटं घ्यायची नाहीत, कारण मग ताटं घासायची कुणी? ते दिवस किती सुखाचे होते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर धाकटी हसली असती. आता काकडी पिळता पिळता तिला रडू आलं.

घरात पाच दिवस परीक्षा चालली. लिंबू किती, कांद्याची पात किती, पाव किती वेळ. घड्याळवाला बिचारा समोर येईल ते चाखून मान हलवायचा. चौथ्या दिवशीही बटाटे बघून म्हणाला, उद्या पुन्हा बटाटे असतील तर मीच लगद्यात उडी मारतो. पण एकेक पान भरत गेलं. कडेला आईचे शेरेसुद्धा आठवले तसे लिहिले. ‘पाहुणे आले तर दुप्पट.’ ‘घाई करू नये.’ काकडीपाशी ‘धाकटीला आवडते’, टोमॅटो-पावापाशी ‘थोरलीला आवडते’.

ताई आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात खरबूज घेऊन. जेवण झालं. बटाटे तिने दोनदा घेतले. मग धाकटीने वही पुढे केली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, जीर्ण, उतरवली, जशीच्या तशी, जपून ठेवलीय. ताईने कव्हरवरून हात फिरवला. उघडी ठेवून बघितली, राहते की मिटते. म्हणाली, शिवण छान जमलीय. ताईच्या तोंडून ‘छान’ येणं म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं होतं. वही घेऊन ती खिडकीपाशी जाऊन बसली.

चोराच्या मनात चांदणं. धाकटी ओट्यापाशी काकडी चिरत राहिली. चिरलेलीच पुन्हा चिरत राहिली. मागे पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

“हे आईने लिहिलं होतं?” ताईने विचारलं.

“सांगितलं ना, जशीच्या तशी उतरवलीय.”

“जुनी वही कुठे आहे?”

धाकटीकडे तीन उत्तरं तयार होती. वरच्या कपाटात, ट्रंकेत, डाग काढायला दिलीय. आठ दिवस तिने ती घोकली होती. तिने सुरी खाली ठेवली.

“तुझ्या हातात आहे,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. टेबल, गठ्ठा, गुणगुणणं, ‘चिमूटभ’. काही राखलं नाही. सांगता सांगता हेही सांगून टाकलं, की तू आता यायची नाहीस या भीतीने मी खोटं बोलले. पुढच्या खोलीत घड्याळवाल्याची खुडबुड केव्हाच बंद पडली होती. ताई ऐकत होती. एकही शब्द बोलली नाही, आणि धाकटीला वाटलं, झालं, लागला आता अबोला.

“मला ती वही पाठ आहे,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “पाळी आली की घरी नेऊन मी पहिल्या पानापासून वाचायचे. काय करायचं ते बघायला नाही. ‘धाकटीला आवडते’ सोळा ठिकाणी आहे. बाबांना आवडते आहे, पाहुण्यांना आवडते आहे. एका पानावर शेजारच्या मांजरीलासुद्धा आवडते. थोरलीला कुठेच काही आवडत नाही.”

धाकटीला ते सोळा माहीतच नव्हते. तिच्या वाट्याला ते न मागता आले होते, मग ती कशाला मोजेल! इतकी वर्षं वही आपल्याकडे असताना आपण ती लिंबासाठी आणि मिठासाठी उघडली, आणि ताई त्याच पानांवर स्वतःला शोधत होती, हे कळल्यावर तिला वही फाडल्यापेक्षाही जास्त लाज वाटली.

“मग तू हे का लिहिलंस?” ताईने टोमॅटो-पावाच्या पानावर बोट ठेवलं. “मला बरं वाटावं म्हणून?”

“नाही गं. मला वाटलं, ते होतंच.” धाकटी आठवत आठवत बोलायला लागली. “जेवण झालं की भांडी तू न्यायचीस. टोमॅटो-पावाचा वाडगा सगळ्यांत शेवटी घासायचीस. आमच्याकडे पाठ करून पावाच्या तुकड्याने आधी पुसून खायचीस. अगदी तळापासून. रोज.”

ताईने पानावरचं बोट उचललं.

“तू बघत होतीस?”

“हो.”

“आणि आई?”

आता इथे एक शब्द पुरला असता. हो, आईनेही बघितलं होतं, एकदा मला हसून म्हणालीसुद्धा. कुणाचं काय बिघडलं असतं? साठीला आलेली ताई लहान मुलीसारखी वाट बघत होती, आणि तो शब्द धाकटीच्या ओठांपर्यंत आला होता. पण आठ दिवस खोटं रचून तिला त्याचा वीट आला होता, आणि ताईला आज खोटं वाढायचं तिच्या जिवावर आलं.

“आईचं मला माहीत नाही, ताई,” ती म्हणाली. “मी बघत होते.”

ताई रडली. आई गेली तेव्हाही धाकटीने तिला असं रडताना बघितलं नव्हतं. धाकटी जवळ गेली, तर ताईने तिचा काकडीने ओला झालेला हात धरला आणि सोडला नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून तिने वही मांडीवर नीट ठेवली, मागची पानं उलटली, किती कोरी आहेत ते बघितलं.

“बस इथे,” ती म्हणाली. “आणखी काय आवडायचं मला?”

धाकटीने पायाने स्टूल ओढलं आणि सांगायला लागली.