बिनगाठीचा झगा

बिश्केकजवळच्या तोकमोक गावातल्या आमच्या चर्चमध्ये दारातल्या पेटीचा ताबा माझ्याकडे आहे. माझं नाव कापा; गाव मला कापा मावशी म्हणतं. पेटीत डोक्याला बांधायचे तेवीस रुमाल आणि पँटवरून गुंडाळायचे सहा घागरे. मोकळ्या डोक्यानं किंवा पँट घालून आलेल्या बाईला त्यातलं काहीतरी नेसवल्याशिवाय मी आत सोडत नाही. रविवारी संध्याकाळी मोजावेत तर रुमाल बावीसच भरतात. तेविसावा कोण नेतं ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. म्हणून दर सणाला ती मला घरचा केक आणून देते, आणि मी खाते.

पेटीमागच्या खोलीत मी शिवणकाम करते. दोन प्रकारचे झगे शिवते, येण्याचा आणि जाण्याचा. दोन्ही पांढरे, लांब बाह्यांचे, घोट्यापर्यंत. येण्याचा म्हणजे बाप्तिस्म्याचा. तो कसाही शिवावा, नीट बसला की झालं. जाण्याच्या झग्याला मात्र नियम आहेत. दोऱ्याला गाठ मारायची नाही, टाका मागे घ्यायचा नाही, सुई आपल्यापासून लांब न्यायची. गाठ राहिली तर जाणारा वाटेत अडकतो. सुई आपल्याकडे ओढली तर तो शिवणारीलाही सोबत घेऊन जातो. फादर गेन्नादी म्हणतात, हा सगळा अडाणीपणा, शास्त्रात याला आधार नाही. नसेल. पण त्यांच्या आईचा झगा शिवायची वेळ आली तेव्हा ते माझ्या खोलीच्या दारात बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कापा मावशी, तुम्हाला ठाऊक आहे तसाच शिवा."

ऑक्टोबरात दोन मागण्या एकाच आठवड्यात आल्या.

एक अग्राफेना आजीची. वय ब्याऐंशी, नजर गेलेली, जीभ शाबूत. तान्ही असताना, देवाधर्माला बंदी होती त्या काळात, तिचा बाप्तिस्मा लपूनछपून झाला होता, स्वयंपाकघरात, खिडक्यांना घोंगड्या लावून. झगा कुठला मिळणार? आईनं उशीच्या खोळीला तीन भोकं पाडली आणि पोरीला त्यात घातलं. "येताना खोळीतून आले," आजी मला म्हणाली, "जाताना तरी माणसासारखी जाईन. छातीवर क्रूस काढ, बाप्तिस्म्याच्या झग्यावर काढतेस तसाच. फसवू नकोस, मी बोटांनी बघते."

दुसरी रिम्मा त्सोईची. बाजारात गाजराची तिखट कोशिंबीर विकते ती कोरियन बाई. एकोणपन्नास वर्षांची, हृदयाची एक झडप निकामी. बिश्केकच्या डॉक्टरांनी तिला तीनदा तारीख दिली आणि तिन्ही वेळा ही आदल्या दिवशी पळून आली. एकदा तर दवाखान्याच्या चपला पायात तशाच ठेवून. मग वर्षभर ती फादरांकडे शिकायला येत राहिली, आणि आता चौथी तारीख मंगळवारची होती. "आधी बाप्तिस्मा, मग चाकू," तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हेही करा, पण या वेळी या. पाचवी तारीख मी देणार नाही, आणि द्यायची वेळही येणार नाही.

दोघीही बुटक्या. दोघींची छाती ब्याण्णव सेंटीमीटर. कापडाचा तागा एकच, क्रूस एकच. आजीचं गाठोडं मी कपाटात डावीकडे ठेवलं, रिम्माचं उजवीकडे.

शनिवारी बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या खोलीच्या दारात गुडघ्यावर फाटलेली पँट घातलेली एक मुलगी माझ्याशी वाद घालत होती. देव कपडे बघत नाही म्हणे. मी म्हटलं, "बघत नसेल, पण मी बघते ना!" या वाक्यावर मीच इतकी खूश झाले की तिच्याकडे बघतच कपाटात हात घातला आणि हाताला लागलेलं गाठोडं रिम्माला दिलं.

फादरांनी रिम्माच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. ती थरथरत पडद्यामागे गेली आणि कोरडा झगा घालून बाहेर आली. यायला जरा वेळ लागला तिला; मला वाटलं, धाप लागली असेल. फादर म्हणाले, आता तू ख्रिस्त अंगात घातलास, कपड्यासारखा. मग पवित्र तेल लावायला त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितलं.

उजव्या बाहीच्या टोकाला दोऱ्याचं एक शेपूट लोंबत होतं. बोटभर.

मी दोऱ्याचं शेपूट फक्त एकाच झग्याला ठेवते. गाठ मारायची नसते म्हणून.

जिवंत माणसानं मयताचा झगा घातला तर झगा आपलं माणूस मागून घेतो, असं माझी आई म्हणायची. मी असलं मानत नाही. मानत नाही, तरी मागच्या मागे खोलीत गेले आणि कपाटातलं दुसरं गाठोडं सोडून बघितलं. गाठी. प्रत्येक शिवणीला दोन-दोन, माझ्या हातच्या, चांगल्या ठसठशीत.

रिम्मा कोट चढवत होती. कोटाखाली झगा तसाच.

"रिम्मा, तो झगा इकडे दे गं. ओला झालाय खाली. धुऊन, इस्त्री करून देते."

"मावशी!" ती हसली. "तुम्हीच ना सांगितलंत, या झग्याला तेल लागलेलं असतं, तो कधी धुवायचा नसतो? वहीत लिहून घेतलंय मी."

"मग निदान शिलाई बघते. घाईत शिवला होता."

"शिलाई छान आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "मंगळवारी हाच घालून जाणार. आत नेताना काढावा लागेल, पण दारापर्यंत अंगावर राहील."

ती गेली. मी हिशेब मांडला. तिला सांगितलं तर ती चौथ्यांदा पळणार, आणि पाचवी तारीख नाही. न सांगावं तर मंगळवारी ती टेबलावर, झगा दाराशी, आणि मला तोपर्यंत झोप नाही. काही वाईट झालं तर ते झडपेमुळे झालं असं सारं गाव म्हणेल. मी एकटी तसं म्हणू शकणार नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर अग्राफेना आजी काठी आपटत खोलीत आली. तोच आजीला देता यावा म्हणून मी रात्री दुसऱ्या झग्याच्या गाठी उकलायला बसले होते, पण माझ्या गाठी मलाच उकलेनात. कापून काढल्या त्यातल्या बऱ्याच, सगळ्या नाही.

आजीनं झगा मांडीवर घेतला. बाह्या चाचपल्या. क्रूस चाचपला. मग काखेपाशी तिचं बोट थांबलं.

"कापे."

"हं आजी."

"ही काय आहे?"

"काय?"

"आंधळी मी आहे की तू? गाठ आहे ही. आणि इथं कापलेली आहे. हा माझा नाही. माझा कुठाय?"

मी सांगितलं. म्हटलं, कुणाला बोलू नका.

आजीनं झगा मांडीवरून बाजूला सारला. मग ती म्हणाली, "त्या दुबळ्या काळजाच्या पोरीच्या अंगात? आणि तू तिला तशीच चाकूखाली पाठवणार?"

"सांगितलं तर ती जाणारच नाही, आजी. आणि नाही गेली तर वसंत ऋतू बघायची नाही."

"आणि सांगितलं नाही तर माझ्या झग्यात मरेल. म्हणजे तिला मी नेली असं होईल. देवासमोर उभी राहिल्यावर मी काय सांगू? कापानं उजवं-डावं केलं?" तिनं काठी उचलली. "चल. हा घे, तो परत आण. अदलाबदल कर आणि गप्प बस. सांगायचं काही नाही."

"आणि तिनं विचारलं तर?"

"थापा मारायला तुला कधीपासून मदत लागते?"

सोमवारी दुपारी आम्ही दोघी रिम्माच्या घरी गेलो. माझ्या पिशवीत गाठींचा झगा होता, जिथं कापला तिथं पुन्हा गाठी मारलेला. वाटेत आजी तीनदा थांबली. म्हाताऱ्या बाईला दम लागला असं कुणीही म्हणालं असतं, पण मी तिला ओळखते. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती.

रिम्माची मुलगी एला सुट्टी काढून कोरियाहून आली होती. तिनं चहा ठेवला. पलंगावर बॅग उघडी होती आणि सगळ्यात वर तो झगा, घडी केलेला.

"रिम्मा," मी सुरुवात केली, "क्रूस जरा वाकडा आलाय असं मला वाटतंय. मी दुसरा आणलाय."

"वाकडा नाही."

"अगं, माझी नजर..."

"मावशी, बसा." ती स्वतः पलंगावर बसली. ओठ निळसर दिसत होते. "पडद्यामागे घालतानाच माझ्या बोटांना कळलं, एकही गाठ नाही. माझी आजी आमच्या सगळ्या गल्लीचे शेवटचे कपडे शिवायची, आमच्या पंचांगातल्या अधिक महिन्यात. सुईत दोरा मी ओवून द्यायचे. आमच्यातही गाठ मारत नाहीत. जाणाऱ्याचा पाय अडकतो म्हणून."

अग्राफेना आजीनं बशी खाली ठेवली.

"पहिल्यांदा घाबरलेच," रिम्मा म्हणाली. "वाटलं, ओले केस तसेच घेऊन घरी पळावं. मग फादर वर्षभर काय सांगत होते ते आठवलं. पाण्यात जुनी रिम्मा मरते, तिला पुरतात, वर येते ती दुसरी. मला वाटायचं, देवाची माणसं असं बोलतातच, बोलायची पद्धत असते. पण तुम्ही लोकांनी तर खरंच मयताचा झगा घातला मला! म्हणजे तुम्ही हे मनापासून मानता. म्हटलं, चला, मरण होऊन गेलं तर. मंगळवारी उरलंय ते नुसतं कापणं आणि शिवणं. दोन रात्री झोपले मी मावशी. वर्षात पहिल्यांदा."

एला दाराला टेकून ऐकत होती. ती मान हलवून मला काहीतरी सांगत होती: काही बोलू नका.

रिम्मानं विचारलं, "तुम्ही सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे झगे असेच शिवता ना?"

आता हो म्हणणं इतकं सोपं होतं. दोन अक्षरं नाहीत, एकच. आजीसुद्धा चेहरा वर करून थांबली होती. आयुष्यभर तिनं माझ्या थापा पकडल्या, आज तिला एक हवी होती. पण ही बाई उद्या दुसऱ्याच्या हातात आपलं काळीज काढून देणार होती. माझ्या चुकीवर विश्वास ठेवून. मी तिच्या निळ्या ओठांकडे बघत राहिले आणि माझ्याच्यानं ते एक अक्षर निघेना.

"नाही," मी म्हटलं. "कुणाचाच नाही. चूक झाली माझी. तुझा हा आहे. तो या आजीचा. जाण्याचा."

एलानं डोळे मिटून घेतले. रिम्मा उठली, बॅगेतून तो झगा काढला आणि मांडीवर घेऊन बसली. चहा गार झाला. बाहेर कुणीतरी कोळसा उतरवत होतं, त्या फावड्याचा आवाज मी मोजत होते. एकतीसपर्यंत मोजला.

"म्हणजे कुणी मुद्दाम नाही," रिम्मा म्हणाली. छातीवर हात ठेवला तिनं. "मग मी... एला, ती बॅग रिकामी कर..."

"ए पोरी," अग्राफेना आजी म्हणाली. "घातलास ना तू तो? तेल लागलं ना त्याला?"

"लागलं."

"मग बाप्तिस्मा झाला. उशीच्या खोळीत माझा झाला तर तुझा या झग्यात का नाही होणार? ख्रिस्त काय कापाच्या कपाटात राहतो, डाव्या कप्प्यात की उजव्या? हा घेऊनच जा." मग काठीचं टोक तिनं जमिनीवर टेकवलं. "पण उसना देतेय. माझा आहे तो. मला तो परत हवा, आणि तुझ्या हातून हवा. पोरीबिरीच्या हातून घेणार नाही मी. उसनं नेऊन परत न करणाऱ्या बायका मला माहीत आहेत."

रिम्मा तिच्याकडे बघत राहिली. हसू की रडू तिला कळेना, तशी बोलली, "आजी, आणि तोवर तुम्हालाच लागला तर?"

"लागणार नाही."

"असं कसं सांगता?"

"तुझी काळजी तू कर. माझी मी करते."

रिम्मानं झगा परत बॅगेत ठेवला. सावकाश, घडी मोडू न देता. मी आणलेला झगा तिनं घेतला नाही.

परतताना मी म्हटलं, "आजी, आठवड्यात दुसरा शिवून देते तुम्हाला."

"खबरदार! दुसरा तयार आहे असं कळलं तर ती कशाला घाई करेल परत यायची?"

मंगळवारी सकाळी सातलाच आजी चर्चमध्ये येऊन बसली. माझ्या खोलीत, उबेसाठी पेटवलेल्या भट्टीजवळ. दुपारी घरी जेवून या म्हटलं तर नाही म्हणाली. बाहेर रस्त्यावर रात्रीचा बर्फ होता. "पाय घसरला तर? माझ्याकडे अंगावर घालायला काही नाहीये आत्ता." सूप मी खोलीतच आणलं. तिनं ते फुंकून फुंकून घेतलं, ठसका लागेल म्हणून. मी तीन बाह्या शिवल्या आणि तिन्ही उसवल्या.

साडेतीनला एलाचा फोन आला. मी तो कानाशी धरला तेव्हा आजीनं माझं मनगट पकडलं होतं.

झालं सगळं. झडप बसवली. अजून शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, उद्या दुपारपर्यंत काही सांगता येत नाही.

मी ते आजीला सांगितलं.

"उद्या दुपारपर्यंत," आजी म्हणाली. बूट काढले, पाय वर घेतले आणि भिंतीला टेकली. "मग मी आज इथंच राहते. तू भट्टीत कोळसा घाल, कापे. पण जपून घाल, धूर करू नकोस."