शंभर तापाची पेटी

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात देवळाली कॅम्पात थंडी अशी पडली की दारणा नदीतले मासे दुपारी काठावर येऊन उन्हाला पाठ देऊन बसायचे. पाहणारे अजून हयात आहेत. त्याच थंडीत मुंगसानं मालनबाईची कोंबडी नेली, आणि तीही अंडी उबवत बसलेली.

एका कोंबडीसाठी कुणी एवढं रडत नाही. पण ही शेवटची होती. मालनबाईनं लग्नात माहेराहून जी काळी तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, आणली, तिचीच ही पणती. बाकीच्या सगळ्या उन्हाळ्यात मानमोडीच्या साथीनं गेल्या. माहेरी आता आई नव्हती, घरही नव्हतं. उरली होती ती एवढी कोंबड्यांची ओळ. आता अंडी होती, आत जीव धरलेली, आणि वर बसायला कुणी नाही.

"रडू नको," तिचा नवरा निवृत्ती म्हणाला. "कोंबडी करते काय? नुसती बसते. तेवढं तर माझी पेटीपण करील."

निवृत्ती कॅम्पच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचा हात असा की तो नुसता पेचकस घेऊन समोर बसला तरी बंद रेडिओ भीतीनं बातम्या द्यायला लागे. मालनबाईनं अंडी गोधडीत, गरम विटेशेजारी ठेवली आणि निवृत्ती कामाला लागला. द्राक्षाच्या खोक्याला आतून गोणपाट लावलं, पाण्याची वाटी ठेवली, वर बल्ब टांगला. बल्ब तसाच चालू ठेवला तर अंडी उकडणार, विझवला तर गारठणार. म्हणून राखणदार हवा. तो त्यानं जुन्या रेडिओतल्या ट्रान्झिस्टरचा केला. शेंगदाण्याएवढी काचेची नळी, वर काळा रंग. गरम झाली की हिच्यातून वीज झिरपते, म्हणून रेडिओवाले हिला शिव्या घालतात. निवृत्तीनं त्या खोडीलाच कामाला जुंपलं. वीज झिरपली की भंगारातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, 'टक' करून बल्ब विझवणार, गार झालं की पुन्हा 'टक' करून लावणार. दुकानात चहाचा कप जवळ नेला, टक. मागे घेतला, टक. स्वारी खूश.

पण घरी येता येता डोक्यात किडा वळवळला. नळीवर हा रंग कशाला? घोंगडी पांघरून कुणाला ऊन लागतं का? बसला ओट्यावर आणि ब्लेडनं खरवडून नळी लख्ख केली.

अंडी आत ठेवली, झाकण लावलं. टक, बल्ब लागला. टक, विझला. टक, लागला. टक, विझला. पेटीला उचकीच लागली. अंड्याला शंभर ताप लागतो, म्हणून आत तापाचं थर्मामीटर ठेवलं होतं. त्याचा पारा पहिल्या खुणेलाही शिवेना. निवृत्तीनं सगळे जोड पुन्हा डाख देऊन पक्के केले, रिले बदलला. उचकी थांबेना.

शेजारच्या आक्काबाईनं खिडकीतून डोकं घातलं. "निवृत्ती, अंडी उबवतो का दिवाळी करतो रे?"

"आक्का, तुमची अंड्यावर बसायला आलेली एखादी खुडूक कोंबडी असंल तर द्या, नायतर जा."

"कोंबडी नाय बाबा. मी बसू का?"

मालनबाई हसली नाही. अंड्यांना हात लावून म्हणाली, "गार पडायला लागली, अवो."

मग त्यानं राखणदार काढून टाकला आणि स्वतःच बटणापाशी बसला. थर्मामीटर झटकायचं, आत घालायचं, बघायचं, बटण दाबायचं, पुन्हा झटकायचं. जेवण नाही, दुकान नाही. मालनबाई नळावर गेली आणि त्या उबेपाशी त्याचा डोळा लागला.

"अवो!" या किंकाळीनं तो उठला तेव्हा पारा एकशे सहाच्या वर होता. मालनबाई झाकण फेकून सुपानं वारा घालत होती. तिनं एक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. आधी आत लाल शिरांचं जाळं दिसायचं. आता नुसता काळोख. पिल्लू वाढलं म्हणून काळं, का मेलं म्हणून, कोण सांगणार? दुसरं धरलं, तेही तसंच.

"माझी आई दुसऱ्यांदा गेली," ती म्हणाली आणि खाली बसली.

निवृत्तीला तिच्याकडे बघवेना. स्वतःवर भरवसा उरला नव्हता, म्हणून त्यानं बिनकामाचा राखणदारच परत जोडला. टक, टक, टक. मालनबाई अंडी सरळ करायला वाकली, पदर सुटून नळीवर पडला, आणि उचकी थांबली. बल्ब जळत राहिला. तिनं पदर ओढला, टक टक सुरू. निवृत्तीनं नळीवर तळहात धरला. बंद.

"डोळे फुटले होते माझे!" त्यानं कपाळ बडवलं. "हिला ऊब नाय कळत, हिला उजेड दिसतोय! बल्ब लागला की ही म्हणते, झालं, विझवा."

"रंग कुणी काढला?"

"मी."

मालनबाई आत गेली. काजळाची डबी आणली आणि बाळाला तीट लावावी तसं बोटानं नळी माखली. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. पारा शंभरावर असा ठरला की जसा तिथंच जन्मला.

पण अंडी गप्प होती. फुटायचा दिवस आला आणि गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही काही नाही. आक्काबाईसुद्धा थट्टा करेनाशी झाली. निवृत्तीनं परसात खड्डा खणायला कुदळ काढली, तर मालनबाई म्हणाली, "राहू द्या. अजून गरम हायेत."

दुसऱ्या सकाळी रिले बोलला, टक. आणि मागून कुणीतरी हळूच, टक. निवृत्तीनं रिलेला शिवी हासडून वायर उपटली. रिले मुका झाला, तरी टक चालूच. दोघं पेटीवर वाकले. एका अंड्याला चीर गेली होती.

एकच फुटलं. बाकीची नाहीत. ओलं, काळं पिल्लू मालनबाईनं पदरात घेतलं आणि म्हणाली, "तलंग हाय." पहिल्या दिवशी कुणाला कळतं? पण नर निघाला तर ओळ संपली, हे निवृत्तीला माहीत होतं. तो नुसता मान डोलवत राहिला.

तलंगच निघाली. मात्र अंड्यात रिलेची टकटक ऐकलेली ती, निवृत्ती सायकल हातात धरून निघाला की चाकाच्या टकटकीमागे, आई चालली म्हणून, जन्मभर कॅम्पच्या बाजारापर्यंत धावत जायची. आणि मालनबाई हाका मारत तिच्या मागे.