सगळं साफ

एकतीस डिसेंबर उलटला की पनवेलजवळच्या त्या वन्यजीव उद्यानाची दशा बघवत नाही. माणसं म्हणे जनावरं बघायला येतात. येतात आणि वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, केकचे खोके मागे टाकून जातात. त्यात यंदा सोमवारी मोठे साहेब येणार होते, आणि वनरक्षक स्नेहाची नोकरी कायम व्हायला दीडच महिना उरला होता. मग तिची धावपळ काय विचारता!

रविवारी सकाळी ती कानाला फोन लावूनच पिसोरीच्या कुंपणापाशी आली. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण, आपल्याच रानातलं, पण आता दिसेल तर शपथ. इथे एक जोडी होती, आणि मार्गशीर्षात तिला पिल्लू झालं होतं. त्याचं सगळ्यांत जास्त कौतुक काशीरामला. काशीराम जवळच्या वाडीवरचा कातकरी, रोजंदारीवरचा राखणदार. ही नोकरी लागली तेव्हापासून त्याचं वीटभट्टीवर जाणं सुटलं होतं.

"काका, साहेब यायच्या आत इथलं सगळं साफ करून टाका," स्नेहा म्हणाली.

"समदा साफ करू?" त्याने विचारलं. मग जरा थांबून पुन्हा, "बाय, समदा?"

"हो हो, सगळं!" आणि ती बोलत बोलत पुढे गेलीसुद्धा.

तिच्या डोक्यात होता कचरा. काशीरामच्या वाडीवर मात्र थंडीत कुणी बांध साफ कर म्हटलं, की त्याचा एकच अर्थ: वाळकं गवत भाजून काढायचं. त्याने कुंपणाच्या आतल्या लाकडी खोपीत डोकावून पाहिलं. जोडी आत होती, पिल्लूही आईच्या पोटाशी असणार असं धरून त्याने दार लावलं, जाळ विझवायला ओल्या फांद्यांचा झोडपा हाताशी घेतला आणि कडेने काडी लावली. काम शिस्तीत केलं त्याने, एक ठिणगी बाहेर जाऊ दिली नाही.

पिसोरीचं पिल्लू धोका दिसला की पळत नाही, जागच्या जागी दबून बसतं. ते गवतातच बसलं होतं. काशीरामला दिसलं तेव्हा तो जाळात घुसला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले. उपयोग झाला नाही.

"कुणी सांगितलं तुला आग लावायला?" सोमवारी साहेब कडाडले.

काशीरामने एकदा स्नेहाकडे पाहिलं. "सर, साफ करा असं मीच म्हणाले होते," एवढंच तिला बोलायचं होतं. पण आग लावायला कुठे सांगितलं होतं मी, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि बुटांकडे बघत राहिली. स्वतःची वकिली करायला मन कसं तयारच असतं!

"कोनी नाय साहेब," काशीराम म्हणाला. "माजाच चुकला."

त्याच दुपारी त्याला कामावरून काढलं.

स्नेहाला अन्न गोड लागेना. तीन आठवडे तिने कसेबसे काढले आणि शेवटी वाडी गाठली. झोपडीला कुलूप होतं. शेजारच्या सखूबाईने सांगितलं, "भट्टीवर गेलीत ती समदी. आता पावसालाच येतील."

भट्टीवर काशीराम चिखल तुडवत होता. हातांवरची कातडी अजून लाल होती. तिला बघून तो उलट खूशच झाला, बसायला पालथं घमेलं दिलं.

"काका, माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

"ते राहूं द्या. मना येक सांगा बाय, तुमी त्या दिवशी काय साफ कराला सांगितलेला? मी रोज इचार करतंय."

"बाटल्या, काका. कागद. कचरा."

काशीराम तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. "त्यो तं मी आदल्या दिवशीच उचललेला," तो हळूच म्हणाला. "मंग ऱ्हायला काय होता? गवातच ना."

ती कुंपणापाशी आली होती खरी, पण आत एकदाही पाहिलं नव्हतं. कानाचा फोन काढून आत नजर टाकली असती तर एवढं रामायण झालंच नसतं.

"मी उद्याच साहेबांना सगळं सांगते," ती म्हणाली.

"नका सांगू. पिल्लू तं गेला. आता तुमची नोकरी पन कशाला घालवता?"

काशीरामचं एवढं एक बोलणं तिने नीट ऐकलं. फेब्रुवारीच्या मध्याला स्नेहा कायम झाली.