निजलेल्या औषधाची कुपी

मी मधल्या कप्प्यातली कुपी बोलतेय. दार एवढ्यात लावू नका हो! माझं सगळं शिक्षण ह्या फ्रीजचं दार उघडं राहील तेवढ्या वेळात झालंय, त्यामुळे ते अर्धवटच. चूकभूल सांभाळून घ्या.

माझ्या पोटात पांढरी पूड आहे. मेंदूतल्या गाठीवरचं औषध. पण खरं सांगू? ती निजलेली आहे. गाठीच्या पेशीत एन्झाइम नावाचे कारागीर असतात. त्यांनी हात लावला की पूड जागी होते आणि त्या पेशीचा खेळ खलास. घोळ एवढाच, की गाठीत हे कारागीर मोजकेच. माझ्या कित्येक बहिणी माणसांच्या डोक्यापर्यंत पोहोचल्या आणि झोपल्या झोपल्याच वाहून गेल्या. मला जन्मात एकच हौस, कुणाच्या तरी कामी जागं व्हायचं.

प्रयोगशाळेतल्या ताईने कारागीर वाढवणारं दुसरं औषध शोधलं होतं. माझ्या शेजारीच राहतं ते. निळं टोपण आणि मिजास विचारू नका. ताई आम्हा दोघांना एकदमच पेशींच्या ताटलीत घालायची. पेशी मजेत! सर सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढत म्हणायचे, "पोरी, त्यापेक्षा पिठीसाखर घाल. निदान त्यांची चंगळ तरी होईल." मी खिदळायचे. पण खिदळून झालं की आत काहीतरी तुटायचं.

एका सकाळी ताईने निळ्या टोपणातलं घातलं, मला टेबलावर काढलं, तेवढ्यात काचसामान धुणारी मावशी धावत आली. हात ओले, फेसाने भरलेले.

"ताई, भावजयीचा फोन होता. धाकटा दुकानात पडला. सुईला चमचा म्हणतोय गं!"

हा धाकटा म्हणजे मावशीचा भाऊ, शिंपी. इथले सगळे ॲप्रन त्यानेच शिवलेले. सरांच्या पोटाचं माप घेताना म्हणाला होता, "साहेब, श्वास सोडा. कधीतरी सोडावाच लागेल." त्याच्या डोक्यात गाठ निघाली.

ताई मला फ्रीजमध्ये ढकलून मावशीबरोबर धावली. ताटल्यांत मला घालायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तिने चोरासारखं इकडेतिकडे बघत मला घातलं. चार दिवसांनी सर ओरडले, "अगं, सगळ्या मेल्या! काय वेगळं केलंस?"

"काही नाही, सर."

"खरं बोल."

"विसरले, सर. ही पूड एक दिवस उशिरा घातली."

आता कळलं का? कारागीर वाढायला एक दिवस लागतो, आणि ही शहाणी माणसं मला त्यांच्याआधीच दारात उभी करत होती! मग ताई वीस वेळा मुद्दाम विसरली. वीसही वेळा मी जागी झाले. पण ताटलीतलं जागं होणं ते काय! ताटलीला बहीण नसते.

माणसांना द्यायच्या परवानग्यांत दोन वर्षं गेली. धाकट्याचं ऑपरेशन झालं होतं, तो पुन्हा मशीनवर बसला होता. मावशी ताटल्या धुताना सांगायची, "सगळे शब्द परत आले बघ ताई. सुई तेवढी सापडत नाही. 'ते टोचणारं दे' म्हणतो." मग गाठ परत उगवली, आणि नव्या उपचारासाठी पहिल्या यादीत त्याचं नाव लागलं.

मीही तयार होते. पण माझ्यावरची तारीख उलटून गेली होती. ताईने लाल पट्टी चिकटवली आणि मला मागे सारलं. त्याच्याकडे माझ्याच कारखान्यातल्या धाकट्या बहिणी गेल्या. आधी निळं टोपण, मग बरोबर एक दिवस उशिरा त्या.

ह्याला पाच आठवडे झाले. मावशी रजेवर आहे. ताटल्या दुसरंच कुणी धुतं, कडांना फेस राहतो. सर हल्ली विनोद करत नाहीत. ताई दार उघडते, उगाच माझ्याकडे बघते, लावते.

तळाला चिमूटभर उरलेय मी. फेकायची तर खुशाल फेका, रुसणार नाही. फक्त त्याआधी मावशी आली, तर दार जरा जास्त वेळ उघडं ठेवा. मला एवढंच ऐकायचंय, तो सुईला सुई म्हणाला का?

लावा आता दार. गारव्यात वाट जास्त दिवस बघता येते.