नूरीनची कॅसेट

आमच्या आईला कव्हरांचं वेड होतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेलिफोनला तर झालरीचं. नेरूळमध्ये तेव्हा जिकडेतिकडे बांधकामं चाललेली, धूळ होती हे खरं; पण अति तिथे माती हे तिला कोण सांगणार? बाबा सांगायचे, रोज. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ते कंट्रोल पॅनेल दुरुस्त करायचे. तिथला एसी पॅनेलसाठी होता. माणसं काहीतरी निमित्त काढून आत जायची आणि गार होऊन यायची. "अगं, यंत्रालाही उकडतं," म्हणत बाबा कव्हरं काढायचे. ते आंघोळीला गेले की आई पुन्हा घालायची.

चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात आईने समोरच्या सकिनाचाचीच्या टेपरेकॉर्डरलाही कव्हर शिवून दिलं. जाड मखमलीचं, बटणांपुरती फट ठेवलेलं. चाची जासई गावाकडची. नझीरचाचा नोकरीला बहारीनला, आणि दोघांचा संसार चालला होता कॅसेटवर. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून त्यांची यायची, हिची जायची. लेक नूरीन अडीच वर्षांची झाली तरी चाचांनी तिला पाहिलं नव्हतं. या खेपेला तिने 'अब्बा' म्हटलेलं भरून पाठवायचं होतं. चाचीचा भाचा बासित चार वाजता कॅसेट घेऊन थेट विमानतळावर जाणार होता.

दुपारी दीडला चाची टेप पोटाशी धरून आमच्याकडे आली. मागून नूरीन.

"भाऊ, हा बघा ना! सकाळपासून पोरगी तोंड उघडत नव्हती. आता कुठं बोलायला लागली, तर हाच गप झाला!"

बाबांची रात्रपाळी होती म्हणून ते घरी होते. त्यांनी टेपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "वहिनी, कव्हर घालूनच चालवत होता?"

"हो तर. धूळ जाईल ना आत."

सर्वात वरचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि यंत्राच्या अंगावर मखमल! बाबांनी आईकडे नुसतं बघितलं. आई पडेल आवाजात म्हणाली, "फ्रिजमध्ये ठेवू या का थोडा वेळ?"

"ठेव! आत पाणी धरलं की कायमचाच गार होईल."

त्यांनी कव्हर काढलं, टेप सावलीत गार फरशीवर ठेवून टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. "आता तासभर कुणी हात लावायचा नाही."

हल्ली फोन जरा तापला की लोक वैतागतात. मला मात्र तो तास आठवतो. वारा टेपला, आम्ही घामाघूम. चाची दर पाच मिनिटांनी विचारायची, "लावू या?" आईने न विचारता दोनदा सरबत केलं. तिला भलतंच लागलं होतं.

तीनच्या सुमाराला टेप सुरू झाला आणि बघतो तर नूरीन फरशीवर गाढ झोपलेली. चाचीने हलवलं, गालावर पाणी लावलं. पोर कूस बदलून पुन्हा झोपली. चाचीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

आई म्हणाली, "झोपलेलीच भर."

"झोपेत काय बोलणार ती, ताई?"

"न बोलू दे. आवाज तर तिचाच ना?"

टेप पुन्हा तापू नये म्हणून बाबांनी दहाच मिनिटांची परवानगी दिली. खरखर नको म्हणून दोन्ही पंखे बंद केले. चाची पुठ्ठ्याने नूरीनला वारा घालत होती आणि आम्ही सगळे तोंड मिटून बसलो. नूरीन बारीक घोरली, मिटक्या मारल्या, एकदा काहीतरी पुटपुटली. 'अब्बा' नव्हतंच ते.

चारला बासित आला. "गाडीत काचेपुढं उन्हात ठेवू नको, हातातल्या बॅगेत ठेव," बाबांनी बजावलं. चाची एवढंच म्हणाली, "त्यांना सांग, जागी असती तर बोलली असती."

दोन महिन्यांनी चाचांची कॅसेट आली. चाचीने ती आमच्याकडेच लावली. सलाम झाला, तब्येत झाली, आणि मग चाचा थांबत थांबत म्हणाले, "सकिना, पोरीला उठवलं नाहीस ते बरं केलंस. पुढच्या वेळीपण झोपलेलीच भर. इथं खोलीत आमी आठ जण. तुझी कॅसेट लावली की सगळे गप पडून ऐकतात. सगळ्यांचीच पोरं गावाला हायत ना."