वंगणाचं बोट

मित्रांनो, मी मोटारीच्या मागच्या चाकातली एक जुनी लोखंडी चकती आहे. मेकॅनिक मला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात आणि गाडी थांबते.

आष्टी तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा सेक्रेटरी त्रिंबक, त्याची गाडी मी नऊ वर्षं थांबवली. एकदा घाटात म्हैस आडवी आली, तिलाही वाचवलं. शाबासकीची थाप मात्र बॉनेटवर पडली. असो. पुढं पॅड झिजले, माझ्या अंगावर चरे पडले. चार महिने मी किंचाळत होते आणि त्रिंबक गाण्याचा आवाज वाढवत होता. लक्ष दिलं ते त्याच्या वडिलांनी, आसारामआबांनी. त्यांनी उभा जन्म ऊसतोडीला बैलगाडी हाकलेली. गाडी रडतीय, असं ते रोज सांगायचे.

त्या वर्षी दुष्काळानं जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. चारा छावणीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला. संस्थेच्या चार सभासद बायकांना घेऊन त्रिंबकला घाट उतरून बाराच्या आत तहसिलीत पोचायचं होतं. आदल्या दिवशी ब्रेक खरखरला, तेव्हा कुठं साहेबांचे डोळे उघडले! नवे पॅड, नव्या डिस्क आणून सकाळी त्यानं अंगणातच चाकं खोलली. डावं चाक उरकलं. उजवीकडून मला काढून मातीत ठेवलं, माझ्या जागी नवी चकती चढवली आणि तो पॅड आणायला घरात गेला.

तेवढ्यात आबा आले. हातात बैलगाडीच्या वंगणाची डबी. बोटभर वंगण काढून त्यांनी नव्या चकतीच्या आतल्या अंगाला मायेनं फासलं. बैलगाडीच्या आखाला वंगण हवंच, पण ब्रेकला लागलं तर पॅड घसरतात, धरतच नाहीत. पुढं घाट, आणि गाडीत पाच जीव.

त्रिंबक घाईत आला. आतली बाजू त्याला दिसतच नव्हती. चार महिने ओरडले मी, आणि खरी वेळ आली तेव्हा मातीत मुकी पडले होते. पॅड चकतीपासून वीतभरावर आला. मग चार बोटांवर.

"आता न्हाई रडायची ती," आबा कौतुकानं म्हणाले. "वंगण दिलंय मी तिला."

त्रिंबकचा हात थांबला. त्यानं आत बोट फिरवलं, ते काळं निघालं. त्याचा चेहरा उतरला. डाव्या चाकाला लावलं का, विचारलं. आबांनी मान हलवली, नाही. वंगणानं ब्रेक धरत नाही, हे त्रिंबकनं सांगितलं, तेव्हा काय झालं असतं ते आबांनाही कळलं आणि त्यांनी डबी दूर सारली.

त्रिंबकची बायको भिवराबाई प्यायच्या पाण्याची शेवटची कळशी घेऊन आली. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्रिंबकनं साबण लावून चकती तीनदा धुतली, कोरडी पुसली, मग पॅड बसवले.

"आबा, तुमी बोलला म्हनून वाचलो," त्रिंबक म्हणाला. "मीच कधी ऐकलं न्हाई."

गाडी गेली. आबा दिवसभर माझ्याशेजारी, रस्त्याकडं डोळे लावून बसले. तिन्हीसांजेला पाचही जण सुखरूप परतले. अर्ज वेळेत पोचला होता.

आता मी अंगणातल्या लिंबाला घंटेसारखी टांगलेली असते. टँकर आला की आबा मला दगडानं ठोकतात आणि अख्खी आळी कळशा घेऊन धावते. पहिली कळशी भिवराबाईची, हे आबांनीच ठरवलंय. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कुरकुरत असेल, मग ते चाक असो की म्हातारं माणूस, त्याला गप्प करायच्या आधी काय दुखतंय ते विचारा.