आबांच्या बारागाड्या

'महत्त्वाकांक्षा' हा शब्द मला फार उशिरा, पुस्तकात भेटला. आमच्या घरात त्याला 'आबांची हौस' म्हणत.

माझे वडील, डोंगरसिंग, म्हसावदजवळच्या आमच्या गावचे भगत. चैत्रात मरीआईच्या जत्रेला बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, गाव वर चढून बसायचं आणि भगतानं कमरेला दोर बांधून त्या देवळापर्यंत ओढायच्या. मागून पंधरावीस खांदे लागत. सगळ्यांना ठाऊक, पण तोंडातून काढायचं कोणी नाही.

१९३६ साली आबांनी चावडीवर जाहीर केलं, "यंदा चाकले कोणी हात लावाना नही. मी एकलाच ओढसू."

आई म्हणाली, "साठी सरनी. आते वीरसिंगले ओढू द्या." वीरसिंग माझा भाऊ. आबा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मला त्यांचा संताप आला होता, आणि भीतीही वाटत होती. गाड्या हलल्या नसत्या तर आबा जगले नसते.

जत्रेच्या दिवशी त्यांनी तीन हिसके दिले. गाड्या जागच्या जागी. चौथ्या हिसक्याला चाकं करकरली, पुढे उतारच होता, आणि बारागाड्या धुरळा उडवीत देवळाशी गेल्या. लोकांनी आबांना डोक्यावर घेतलं.

हार घालूनच ते घरी आले. ओसरीवर आई वीरसिंगच्या हाताला हळद बांधत होती. दोन बोटं चेचली होती.

"काय व्हयनं?"

"काही नही, आबा. दगड पडना हातवर."

आबांनी तो हात जवळ घेतला. मनगटापर्यंत काळं वंगण होतं. "दगडले वंगण ऱ्हास का?" वीरसिंगनं मान खाली घातली. शेवटच्या गाडीखाली शिरून, आस हातांनी धरून त्यानं पाठ लावली होती.

आबा त्याच्याशेजारी बसले. "माले मोठं व्हवानं व्हतं, पोऱ्या," म्हणाले आणि रडले. मग उठून, हार काढून, तसेच चावडीवर गेले. मी मागोमाग गेले.

"गाड्या मी नही ओढ्यात. मन्हा वीरसिंगनी ढकल्यात."

मग पाटील हात जोडून म्हणाले, "दखा, कितला मोठा माणूस! सोतानं नाव पोऱ्याले दी ऱ्हायना."

आबा ओरडून ओरडून सांगत राहिले. जितकं सांगितलं तितका जयजयकार वाढला.

पुढच्या वर्षी शहाद्याहूनही माणसं दर्शनाला आली. आबा पाय धोतरात ओढून घेत. लोक ते बाहेर काढून त्यांवर डोकं ठेवत.